जनूला दिलेलं नाव

१२ नोव्हेंबर १९९४, जोहे

आज जनूला माझं नाव दिलं.

लिहिताना फार मोठं वाटतं, पण झालं ते असं. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत पुंडलिकशेठ ठेकेदार माणसं भरतोय. दहावी पास पाहिजे. आम्हा दोघांत दहावी मीच. जनूनं नववीत शाळा सोडली आणि ऊसतोडीला गेला. पुंडलिकशेठनं मला घ्यायचं कबूल केलं होतं. पण कंपनीचा डॉक्टर छाती तपासतो, आणि माझी छाती दसऱ्यापासून बिघडलेली. खोकला, अंगात बारीक ताप. गेल्या आठवड्यात पेणच्या एका खाजगी डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि टीबी सांगितला. जनू बरोबर होता. बाहेर येऊन तोच रडला, मी नाही.

पुंडलिकशेठला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाव कोनाचं पन असूं दे, छाती चांगली पायजे. तुमच्यातला एक जन सोमवारी ये."

मीच मग जनूला म्हणालो, तू जा, माझ्या दाखल्यावर.

"तुझं नाव मी कसं लावू? उद्या कमीजास्त झालं तर तुझ्या अंगावर यायचं."

"काही येत नाही. दोघांनीही इथं प्लास्टरची धूळ खायची का? तुझी बायको-पोर तिकडं गावाकडं. माझं मी बघतो."

तयार झाला. पण तोंड पाडून.

गावाकडं, म्हणजे अहमदपूरकडं, आमची घरं एका गल्लीत. गेल्या वर्षी गणपतीच्या मूर्तींच्या कामाला म्हणून इकडं आलो ते दोघं मिळूनच. लोक मित्राला शर्ट देतात, सायकल देतात. नाव कोण देतं? आजपासून वही लिहायची ठरवलं आहे. अशा गोष्टी लिहून ठेवायला पाहिजेत.

२७ नोव्हेंबर

जनू कामाला लागला. डॉक्टरनं छाती ठोकून पाहिली आणि म्हणाला, घोडा आहेस.

आज सुट्टी म्हणून जोह्याला आला होता. गेटपास दाखवला. फोटो त्याचा, नाव माझं. मी म्हणालो, शोभतंय की तुला. हसला नाही.

"हाक मारली की मला कळत नाही रे. परवा सुपरवायझर 'दिनानाथ, दिनानाथ' म्हणून बोंबलायला. मी आपला मागं वळून तुला शोधायलो."

खूप हसलो दोघं. हसता हसता मला खोकला लागला, तसा उठून पाठीवर हात फिरवत बसला.

५ डिसेंबर

गोळ्यांचा प्रश्न सुटला. मीच सोडवला.

सरकारी दवाखान्यात नाव लावलं की गोळ्या मिळतात, पण पेणच्या दवाखान्यात जोह्या-हमरापूरची माणसं सारखी भेटतात. मूर्तींच्या कारखान्याचा मालक काळुरामशेट, त्याला कळलं की याला टीबी आहे, तर कारखान्यातून त्याच दिवशी बाहेर काढील. झोपायचंही कारखान्यातच, मग जायचं कुठं? मी जनूला म्हणालो, रोह्यात दिनानाथ तूच आहेस. माझा छातीचा फोटो घेऊन तिथं जा आणि गोळ्या तूच आण. नाव पण जुळतं, गाव पण.

जनूनं खिशातला गेटपास काढून बघितला. मग म्हणाला, "बरं."

एवढं सोपं होतं. सुचायला डोकं लागतं.

१५ जानेवारी १९९५

ताप गेला. भूक लागते. गोळ्यांनी लघवी लाल होते, तेवढंच.

काळुरामशेटनं मला मूर्तींच्या कडा घासायच्या कामावरून काढून रंगावर घातलं. हात हलका आहे म्हणाला. बाहेर शेतांत वाल चांगला आलाय. जनू दर सुट्टीला येतो. गोळ्या आणतो, अंडी आणतो. येताना एसटीत अंडी मांडीवर धरून बसतो, एक फुटू देत नाही.

२९ जानेवारी

आज पहिल्यांदा रोह्याला गेलो. जनूची खोली नदीपलीकडं अष्टमीत आहे. कृष्णाबाई म्हणून एका बाईच्या पडवीला लागून. जेवण पण तिच्याकडंच. पूल ओलांडताना जनू म्हणाला, "इथं तू जनू हं. मावसभाऊ सांगितलंय."

कृष्णाबाई दारातच होती. "दिना, तुझा भाव आला वाटतं. ये र बाबा. नाव काय तुझं?"

"जनू," मी म्हणालो. तोंडात दुसऱ्याचं खरकटं गेल्यासारखं झालं.

मला तिनं आत चुलीपुढं पाट मांडला. जनू बाहेर पायरीवर बसला. त्याचं ताट वेगळं होतं, कान तुटलेला पेला पण वेगळा, आणि जेवण झाल्यावर त्यानं ते स्वतः घासून पडवीच्या कोपऱ्यात पालथं घातलं. कृष्णाबाई हळूच म्हणाली, "टीबीच्या गोल्या खातो ना तो. माजी नातवंडं लहान हायत. पन पोर सोन्यासारका हाय हो, कदी वाईट वाटून घेत नाय."

 खरं सांगायला जावं तर सगळंच उघडं पडणार. निघताना पुलावर जनूला म्हणालो, तुला ताट वेगळं ठेवते ती.

"मला बाहेर वाऱ्याला बसायला आवडतं," तो म्हणाला.

त्याला आवडत असेल तर प्रश्नच मिटला.

१९ मार्च

चार महिने झाले आणि जनू बदललाय. पँट-शर्ट घालतो. कंपनीतल्या गोष्टी सांगतो. साहेब म्हणाले, दिनानाथ, तू लवकर शिकलास. साहेब म्हणाले, तुझं नाव पर्मनंटसाठी वर पाठवतो.

माझं नाव. वर पाठवणार ते माझं नाव.

मी इथं गणपतीच्या पितांबराला पिवळा रंग मारतो, आणि दिनानाथ तिकडं शाबासकी घेतो. मनात येऊ नये ते येतं, खोटं कशाला लिहू? आज म्हणालो, "जनू, मी आता बरा झालो आहे."

त्याला लगेच कळलं. "व्हय. जागा तुझीच आहे. मी पुंडलिकशेठला विचारतो."

२ एप्रिल

जनू म्हणतो, पुंडलिकशेठ नाही म्हणाला. सगळे आता तोंडानं ओळखतात, माणूस बदलता येणार नाही. जनूनं काम सोडलं तर जागा दुसऱ्याला जाईल, दोघांच्याही हातून जाईल.

"सोडू का? तू म्हण, सोडतो," जनू म्हणाला.

मी राहू दे म्हणालो.

पण त्यानं विचारलं तरी होतं का? मला शंका आहे. एकदा पगाराची सवय लागली की माणूस अशी जागा सोडत नाही.

१८ जून

आईचं पत्र आलं. एका डोळ्यानं दिसायचं पार बंद झालंय. लातूरला ऑपरेशन करा म्हणतात. जनूला पत्र वाचून दाखवलं. थोडं चेष्टेत म्हणालो, "आता तूच बघ बाबा. माझ्या नावावर कमावतोस."

त्याला लागलं असावं. पत्राची घडी करून परत दिलं. मग म्हणाला, "पावसाळ्यात माणसं गावाला जातात, डबल शिफ्ट मिळायलीत. करतो काहीतरी. मावशीचे डोळे माझेच की."

१३ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. आईला दिसायला लागलं. शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलंय. त्यात सगळं जनूचंच. जनूला आशीर्वाद, जनूसारखा मुलगा सगळ्यांना मिळो. माझ्याबद्दल एकच ओळ, तब्येत सांभाळ. दाखला कुणाचा, नाव कुणाचं, हे आईला कुणी सांगायचं?

जनू या महिन्यात दोन सुट्ट्यांना आला नाही. शिफ्टा करतोय.

२५ ऑगस्ट

काळुरामशेटच्या घरी रोह्याहून फोन आला, म्हणून मला बोलावलं. कंपनीत गॅसची लाइन फुटली, दिनाला लागलंय, रोह्याच्या दवाखान्यात ठेवलंय. कृष्णाबाईनं कुणाकडून तरी फोन करवला होता.

काळुरामशेटला म्हणालो, जायला पाहिजे. चतुर्थी तोंडावर आली आहे, रोज टेम्पो भरून गणपती चाललेत. तो म्हणाला, "आता गेलास तर परत येव नको. सीजन टाकून कोन जातो काय?"

जनूजवळ दवाखान्याची माणसं आहेत. मी जाऊन काय डॉक्टरकी करणार? चतुर्थी झाली की लगेच निघतो.

३० ऑगस्ट, रोहा

जनूला बघितलं.

डोळे लाल, ओठ काळे. श्वास घेताना छातीचा भाता नुसता वाजतो. मला बघून हसायला गेला तर उबळ आली, आणि थुंकीत रक्त. खाटेखालचं भांडं मी धरलं. बाकीचे लाइन फुटल्या फुटल्या पळाले, हा वरच्या माळ्यावर होता, उतरेपर्यंत गॅस छातीत गेला. बरोबरचा एक कामगार सांगत होता, दिनाची त्या वेळी शिफ्ट नव्हतीच. स्वतःची करून दुसऱ्याच्या बदली थांबला होता. महिनाभर हेच चाललं होतं म्हणे.

कशाला थांबायचं एवढं? जनूचा स्वभावच तसा. अंगाला झेपेल तेवढं करावं माणसानं.

"तू कामून आलास सीझन सोडून?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, सीझन संपला.

३ सप्टेंबर

जनूची बायको बायजावहिनी आली. लेकीला आईकडं ठेवून एकटीच आली. स्टँडवरच तिला बाजूला घेऊन सांगितलं, इथं त्याला दिनानाथ म्हणतात आणि मला जनू. कुणासमोर चुकायचं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी उन्हाळ्यात गावी आले तेव्हाच सांगितलंय. तुमच्या गोळ्यांचं पण."



८ सप्टेंबर

पुंडलिकशेठ भेटला. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात चहा पाजला.

"हे बघ, कंपनीचं म्हननं असं, की याला आदीच टीबी व्हता. गॅस कितीसा लागला? छाती पयलीच सडलेली. सरकारी दवाखान्यातनं गोल्या घेत व्हता, तिथं सही हाय त्याची. आता तू काय मधे बोलू नको."

मी म्हणालो, शेठ, तुम्हाला तर खरं काय ते माहीत आहे.

"मला कायपन माहीत नाय. तोंड उघडलंस तर दोगं पन आत जाल. दुसऱ्याच्या नावानं काम करनं, फोर ट्वेंटी हाय ती. तो आजारी मानूस, पोलीस त्याला खाटंवरनं उचलतील. तसं करायचंय तुला?" मग चहाची बशी पुसत म्हणाला, "गप ऱ्हायलास तर तुला दुसऱ्या प्लांटात लावतो. भाव म्हनून. कंपनी पन तयार हाय."

मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

विचार केला तर त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. जनूला पोलिसांत ओढायचं का? आणि मी कामाला लागलो तर जनूचंही घर चालेल. मी एकटा माणूस, मला किती लागतं?

१४ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मनात घोळ नको.

कमळाकर नावाचा युनियनचा माणूस आला. अष्टमीचाच आहे, कृष्णाबाईच्या ओळखीचा. सायकल भिंतीला लावली आणि मला जांभळीखाली घेऊन गेला.

"मी भांडायला तयार हाय," तो म्हणाला. "भरतीला त्यांच्याच डॉक्टरनं छाती चांगली लिवलीय. आता म्हनतात टीबीचा पेशंट हाय. हे बसत नाय. टीबी नव्हता असं कोनी ठाम सांगितलं, तर कंपनीला याला मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्यावंच लागंल. मी दिनानाथला इचारलं, गोल्या कुनाच्या व्हत्या? तर तो म्हनतो, माझ्या भावाला इचारा, तो सांगंल तेच खरं. आता तू सांग जनू. भिऊ नको, पुढचं मी बघतो. गोल्या कुनाच्या?"

जनूनं निर्णय माझ्यावर टाकला, कारण त्याला माहीत आहे की मी त्याला अडकू देणार नाही. मी तेवढाच विचार केला.

"दिनानाथच्या," मी म्हणालो.

कमळाकर तरी थांबला. माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "नक्की?"

"दिनानाथला टीबी होता. गेल्या दिवाळीपासून."

त्यानं सायकल काढली आणि गेला.

यात खोटं काय आहे? गोळ्या दिनानाथच्याच होत्या. टीबी दिनानाथलाच होता. देवापुढं उभं राहून सांगीन.

आत गेलो तर जनू जागा होता. "कमळाकर भेटला?"

"भेटला."

"काय सांगितलंस?"

"तुझ्यासाठी जे बरं तेच सांगितलं."

त्यानं डोळे मिटून घेतले.  मग हात पुढं करून माझ्या मनगटावर थोपटलं. "बरं झालं. तुझं तरी मार्गाला लागंल."

त्याला पटलं याचं समाधान वाटलं. बायजावहिनी पायाशी बसली होती. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि त्याचं पांघरूण सारखं करत बसली, ते नीटच होतं तरी.

२१ सप्टेंबर

आज अजब दिवस. सकाळपासून गाव वेडं झालंय, गणपती दूध पितोय म्हणून. दवाखान्यात पण बातमी आली आणि अर्धा वॉर्ड रिकामा झाला. पेशंटचे नातेवाईक पेले घेऊन पळाले.

बायजावहिनी कपडे धुवायला गेली होती. जनू झोपलेला. त्याच्यासाठी आणलेलं दूध झाकून ठेवलं होतं. घट्ट काही आता गिळवतच नाही, दूधच काय ते घोटभर उतरतं. माझ्या मनात आलं, जनूच्या नावानं आपणही पाजावं. गेलो. देवळापुढं मोठी रांग. माझा नंबर आला तेव्हा चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच गेलं. मी हजारो गणपती घासलेत. कोरडं प्लास्टर पाणी पितं हे मला कुणी शिकवायला नको. पण हा दगडाचा होता.  पेला संपेपर्यंत पाजलं आणि म्हणालो, देवा, याला बरं कर.

परत आलो तर जनू उठून दूध मागत होता. गावात दूध कुठंच शिल्लक नव्हतं. कृष्णाबाईकडं पण नाही. वहिनीनं साखरेचं पाणी करून चमच्यानं घातलं.

मी म्हणालो, वहिनी, त्याच्यासाठीच गेलो होतो. ती म्हणाली, "हो. तुम्ही सगळं त्यांच्यासाठीच करता."

बाई शिकलेली नाही, पण तिला मन कळतं.

९ ऑक्टोबर

जनू गेला. सकाळी चहाच्या वेळेला.

कालपासून बोलत नव्हता. मी जवळ होतो. शेवटी नर्सनं "दिनानाथ, दिनानाथ" म्हणून हाका मारल्या. त्यानं मान वळवली. कुणाकडं वळवली, कळलं नाही.

गावी न्यायची सोय होईना. कुंडलिका नदीच्या काठी अग्नी दिला. कृष्णाबाई पुलावर उभी राहून रडत होती, दिना गेला, माझा दिना गेला. मयताची नोंद करताना कारकुनानं नाव विचारलं. स्वतःचं नाव सांगताना माझी जीभ अडखळली. कारकून म्हणाला, सावकाश सांगा, घाई नाही.

वहिनीला स्टँडवर सोडलं. म्हणालो, वहिनी, जनूच्या ठिकाणी मी आहे. महिन्याच्या महिन्याला पाठवीन. तुम्ही काळजी करू नका.

राखेचं गाडगं मांडीवर धरून ती खिडकीत बसली होती. गाडी हलेपर्यंत समोर बघत राहिली.

६ नोव्हेंबर, अष्टमी

कामाला लागलो. पुंडलिकशेठ म्हणाला, "दिनानाथ तर कागदावर वारला. तू आता जनार्दनच. भाव म्हनून त्याच नावानं कंपनीला सांगितलंय. दाखला लागनार नाय, हेल्परला कोन बघतो?"

पासवर फोटो माझा, नाव जनूचं. म्हणजे दहावी फुकटच गेली.

कृष्णाबाईनं जनूचीच खोली मला दिली. मला आत चुलीपुढं बसवून वाढते. म्हणते, "तू धडधाकट हायस ते बरं बाबा. दिनानं लई सोसलं." पालथं घातलेलं ते ताट तिनं नदीत सोडलं म्हणाली.

पहिल्या पगारातून वहिनीला मनीऑर्डर केली. शब्द पाळला.

१४ जानेवारी १९९६

सेकंडहँड लूना घेतली. अष्टमीहून धाटावला शिफ्टची बस धरताना फार ओढाताण होते. आता पुलावरून भुर्रकन जातो. त्यामुळं या महिन्यात आणि मागच्या महिन्यात वहिनीकडं पाठवायला जमलं नाही. संक्रांत झाली की नक्की.

कमळाकर रस्त्यात दिसला. मी लूना थांबवली. तो सायकलवरून तसाच पुढं गेला. ऐकू गेलं नसेल.

१० मार्च

पर्मनंटची बोलणी चालू आहेत. सुपरवायझर म्हणतो, जनार्दन, तू जबाबदारीनं काम करतोस. हाक मारली की मी आता लगेच वळतो.

२३ एप्रिल

दुपारच्या शिफ्टला ड्रम लावत होतो. वॉचमन धनेश आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जनू, तुझी बायको आलीय गेटवर. केवाची उन्हात उभी हाय."

सगळे हसायला लागले. लपवून ठेवली व्हतीस काय, लगीन कवा केलंस, पेढे कुठं हायत. मीही हसलो. दुसरं काय करणार?

गेटच्या भिंतीला पाऊलभर सावली होती, तिथं बायजावहिनी उभी होती. पोरगी कडेवर. वहिनीनं गेटवर सांगितलं असणार, जनार्दनच्या घरची आहे. तिनं खरं तेच सांगितलं.

"पैसे मागायला आले नाही," ती आधीच म्हणाली. "जमिनीवर नाव लावायचंय. दीर कसू देत नाही. म्हणतो, भाऊ जिवंत आहे, कंपनीत पगार घेतोय, लोक हजेरीवर नाव बघून आलेत. तलाठी म्हणतो, मयताचा दाखला आण. रोह्यात गेले तर तिथं त्यांचं नाव नाही. तिथं तुमचं आहे." पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला बाकी काही नको. गावात येऊन पंचांसमोर तुम्ही एवढं सांगा, की ते गेले."

मी समजावून सांगितलं. आत्ता पर्मनंटचं चाललंय. अशा वेळी चौकशी निघाली तर पुंडलिकशेठ वाचेल, मी जाईन. मी गेलो तर तुम्हाला कोण बघणार? थोडे दिवस दम धरा. एकदा ऑर्डर हातात पडली की काहीतरी करतो.

ती ऐकत होती. तिचं कपाळ मोकळं होतं, गळा मोकळा होता. मला म्हणाली, "मग तोवर कुंकू लावू का मी परत?"

 मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का. म्हणालो, वहिनी, हळू बोला.

ती हळूच बोलत होती. पदर डोक्यावरून पुढं ओढला, पोरीचं तोंड झाकलं आणि स्टँडच्या रस्त्यानं चालायला लागली. वळणापर्यंत मी उभा होतो. तिनं मागं बघितलं नाही.

धनेशनं विचारलं, "काय र, भांडलास तिच्याशी?"

"इथं राहायचं म्हणते. खोली लहान आहे म्हणालो, म्हणून रागावली."

"बायका असंच करतात," तो म्हणाला. "पन एवढ्या लांबून आली, चहा तरी पाजायचास."

ते मात्र खरं आहे. चहा पाजायला पाहिजे होता.